रिकाम्या काट्यावर चाळीस ग्रॅम

आठवीत असताना फैजपूरच्या शाळेत मी बाकावर कर्कटकानं नाव कोरलं. वैजू. पाच छड्या मिळाल्या. मास्तरांचा हिशेब चोख होता: दोन अक्षरं, दोन मात्रा, एक उकार.

पंगतीत टोकाला बसलेल्याला मठ्ठा एक तर दोनदा मिळतो, नाही तर मिळतच नाही.

उडदाचे पापड अर्धे उन्हात आणि अर्धे पत्र्याखाली वाळवले तर तळताना वेगवेगळे फुलतात. माझ्या आईला हे सांगायला इंजिनिअर लागला नाही.

गुरवकाकांनी आयुष्यात एकही कागद हरवला नाही. सावंतवाडी ते कोल्हापूर, १९८१ सालचं एसटीचं तिकीट त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. परतीचंसुद्धा.

दंतवैद्याचं ड्रिल थांबलं की माणसाला आपलाच आवाज फार मोठा वाटतो.

रमणीकभाईंनी काटा टेबलाच्या मधोमध ठेवला, वायर लावली आणि हात झटकले.

"काय ठेवलंय ह्याच्यावर, साहेब?"

"काही नाही," निरंजन सर म्हणाले.

"नीट बघा. माशी वगैरे?"

"नाहीये हो."

"मग वाचा."

लाल आकडे दिसत होते. चाळीस.

"चाळीस ग्रॅम," रमणीकभाई म्हणाले. "सांगलीत आमच्या तीन पिढ्या काटे बनवतायत. आजोबा पितळी पारडी करायचे. पण हवा विकायची युक्ती त्यांना काही सुचली नाही."

"शून्याचं बटण दाबलंत का?"

"दाबलं. सकाळी शून्य होतंय. दुपारी ऊन चढलं की हाही चढतोय. बेदाण्याचा व्यापारी काय दर तासाला बटण दाबत बसणार? तो मला दाबेल."

खाली ड्रिल सुरू झालं. निरंजन सरांची ही आमची कंपनी सोळा माणसांची होती, औंधात, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही चिपचे आराखडे काढायचो. चिप दुसऱ्या देशात बनायची आणि चार महिन्यांनी डबीत घालून परत यायची. रमणीकभाईंच्या काट्यासाठी काढलेली चिप मार्चमध्ये गेली होती. आता जुलै होता, साल २००७.

"ड्रिलच्या कंपनांमुळे तर नाही?" निरंजन सरांनी विचारलं.

"साहेब, सांगलीत माझ्या कारखान्याखाली दात काढत नाहीत."

गुरवकाका खाली मान घालून लाल पेन्सिलीला टोक करत बसले होते. दत्ताराम गुरव, वय चोपन्न. पूर्वी रेडिओच्या कारखान्यात सर्किट बोर्डाचे नकाशे काढायचे, पारदर्शक कागदावर काळ्या पट्ट्या चिकटवून. संगणक आले, कारखाना गेला, काका आमच्याकडे आले. ते दर वर्षी नव्या करारावर असायचे आणि करार जुलैअखेर संपायचा.

काट्याच्या चिपचा सगळ्यात नाजूक भाग काकांनी काढला होता. त्या भागात दोन ट्रान्झिस्टर एकमेकांविरुद्ध तोलले जातात. तराजूची दोन पारडी म्हणा. अ आणि ब. दोघं तंतोतंत सारखे हवेत, नाही तर रिकाम्या काट्यालाही वजन दिसतं. सारखे यावेत म्हणून प्रत्येकाचे दोन तुकडे करून ते अ ब ब अ असे बसवायचे. मग बनताना डावीकडे थोडं जास्त आणि उजवीकडे थोडं कमी झालं तरी दोघांना सारखाच फटका.

आणि रांगेच्या दोन्ही टोकांना काका एकेक डमी बसवायचे. आकार तोच, रूप तेच, पण काम शून्य. त्याच्या तारा बांधून टाकलेल्या. कारण पंगत. टोकाच्याला वाढप कमीजास्त होतं, तसं टोकाच्या ट्रान्झिस्टरला कोरणारं आम्ल कमीजास्त लागतं. मग टोकाला असा कुणी तरी बसवायचा, ज्याला मठ्ठा मिळाला काय नि न मिळाला काय.

फेब्रुवारीत ह्यावरून भांडण झालं होतं. निरंजन सर सात वर्षं अमेरिकेत राहून आले होते आणि त्यांना जागा वाचवायची होती.

"गुरव, हे सगळे डमी काढा. काही करत नाहीत ते."

"काही करत नाहीत हेच त्यांचं काम आहे, सर."

"ही अंधश्रद्धा आहे. ट्रान्झिस्टरच्या दोन्ही बाजूंना लिंबू-मिरची बांधल्यासारखं."

"बरं," काका म्हणाले होते, "लिंबं राहू देत."

आणि सोळा माणसांसमोर त्यांनी माउसवरून हात काढून घेतला होता. सरांनी ते गिळलं होतं. पचवलं नव्हतं.

"वीस चिप तपासल्या," आता सर म्हणाले. "वीसच्या वीस एकाच बाजूला कलतायत. नशिबाची चूक असती तर काही इकडे, काही तिकडे गेल्या असत्या. म्हणजे चूक आराखड्यात आहे. आराखडा कुणाचा?"

"माझा," काका म्हणाले.

"डमी ठेवले होते ना?"

"होय."

"तरीही अ आणि ब जुळत नाहीत."

"होय."

"मग उपयोग काय झाला त्यांचा?"

काकांनी पेन्सिलीचं टोक नखावर टेकवून पाहिलं.

"तपासणीचा कागद आणा," सर म्हणाले. चिप पाठवण्याआधी आम्ही आराखड्याचा प्रत्येक भाग, म्हणजे ब्लॉक, टेबलाएवढ्या कागदावर छापायचो आणि काका त्यावर लाल पेन्सिल घेऊन दोन दिवस आडवे पडायचे. "बघू दे, काय तपासलंत ते."

"सापडत नाहीये," काका म्हणाले.

नेमकं तेव्हाच ड्रिल थांबलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. १९८१ चं परतीचं तिकीट ठेवणारा माणूस.

"सापडत नाहीये म्हणजे?"

"उंदीर असतील."

"दुसऱ्या मजल्यावर?"

"चढतात, सर."

निरंजन सरांनी डोळे मिटले, उघडले. मग भराभर बोलून मोकळे झाले. रमणीकभाईंनी जेवून पाच वाजता यावं. तोवर नवा आराखडा तयार होईल, डमी काढून, आटोपशीर. चिप बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस साडेपाचला फाइल उचलणार. गुरवांचा ब्लॉक वैजयंती करेल, यापुढे तीच करेल. आणि गुरव, तुमच्याशी जुलैअखेर नवा करार होणार नाही, आपण मोठ्या मनानं...

ड्रिल पुन्हा सुरू झालं. मोठ्या मनाचं काय करायचं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

मला वाईट वाटलं. त्याच्या जरा आधी बरं वाटलं. क्रम मी मुद्दाम सांगतेय. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून आलेली मी, चार वर्षं कडेकडेच्या तारा ओढत होते. तो ब्लॉक म्हणजे गाभारा होता.

काकांनी स्वतः उठून मला त्यांची खुर्ची दिली. टेबलाच्या कडेवर मी पहिल्याच वर्षी टोकदार चिमट्यानं वैजू कोरलं होतं. काकांनी तेव्हा त्यावर अंगठा फिरवून एवढंच म्हटलं होतं, "जू जरा उतरलाय."

"डावीकडचा आधी काढ," ते म्हणाले.

"का?"

"उजवीकडचा मी उशिरा बसवला होता. त्याला अजून जगायचंय."

"काका, काहीही काय बोलता?"

"मग काय रडू? कर, कर. पाच वाजता शेटजी येतील जेवून. सुस्त असतील, काही बघणार नाहीत."

ते चहा घ्यायला मागच्या गॅलरीत गेले. मी डावीकडचा डमी निवडला आणि खोडला. काहीही झालं नाही. एक चौकोन होता, आता नव्हता. त्याच्या तारांचं एखादं टोक लोंबकळत राहिलं नाही ना हे पाहायला मी सगळे थर एकदम चालू केले. आराखडा म्हणजे एकावर एक ठेवलेले रंगीत पारदर्शक कागद. काकांच्या ब्लॉकमध्ये खालचे आठ-दहा थर पुरायचे. सगळ्यात वरचा धातूचा थर तिथं पडद्यावर कुणी उघडायचंच नाही. "ती गच्ची आहे," काका म्हणायचे. "गच्चीवर कुणी काही वाळत घालेना का, खाली घरात काय फरक पडतो?"

गच्चीवर मी होते.

आमच्या धंद्यात ही एक खोड आहे. आराखडा संपला की काढणारा कुठं तरी कोपऱ्यात, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या आकारात, काही तरी ठेवून देतो. आमच्यातल्या एकानं मोदक काढला होता, एकीनं तिची स्कूटर. सरांना ते कळलं आणि त्यांनी फर्मान काढलं: यापुढे काही सापडलं तर घरी. ते स्वतः चारही कोपरे तपासायचे. म्हणून मी मार्चमध्ये कोपरा टाळला. गुरवकाकांच्या ब्लॉकवर कुणी संशय घेणार नाही, म्हणून तिथं गेले, आणि बरोबर मधोमध, काट्याच्या त्या चार तुकड्यांवर, सगळ्यात वरच्या धातूत लिहिलं. वैजू. इंग्रजीत नाही; इंग्रजीत कुणीही असू शकतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तरी निभावलं असतं. सुटी सुटी बारीक अक्षरं, त्यांच्यात फटी. पण आपल्याकडे डोक्यावर पट्टी लागते. माझी शिरोरेषा अठरा मायक्रॉन लांब होती, केसाच्या पाव जाडीएवढी, आणि सुबक दिसावी म्हणून मी ती जाड घेतली होती. ती मधल्या दोन तुकड्यांना पुरेपूर झाकत होती. ब आणि ब. दोन्ही टोकांचे अ मात्र उघड्यावर.

कारखान्याच्या जाडजूड नियमपुस्तकात शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. ती मी वाचली होती आणि विसरले होते. शेवटच्या भट्टीत चिपला मंद आचेवर एक वायू देतात. तो वरून खाली मुरतो. ज्याच्या डोक्यावर धातू, त्याच्यापर्यंत तो कमी पोहोचतो. दोन पापड उन्हात, दोन पत्र्याखाली.

खरी गंमत पुढेच आहे. नाव एका बाजूला सरकलं असतं, तर एक अ आणि एक ब झाकला जाऊन हिशेब मिटला असता. आणि मी पूर्ण 'वैजयंती' लिहिलं असतं तर चारही झाकले गेले असते, काटा शून्यावर राहिला असता. मी संकोचानं लहान नाव लिहिलं, आणि टापटिपीनं मधोमध. आयुष्यात ह्या दोन गुणांबद्दल मला तेवढी एकदाच शिक्षा झाली.

मी खोडलेला डमी परत आणला आणि गॅलरीत गेले.

काका बशीतून चहा पीत होते.

"झालं?"

"काका, डमींचा काही दोष नाही. माझा आहे. मी तिथं नाव लिहिलंय."

"कुठल्या थरात?"

"सगळ्यात वरच्या."

"मग काही होत नाही. गच्ची आहे ती."

"होतं, काका." मी त्यांना पापडांचं सांगितलं. भट्टीचं सांगितलं. त्यांनी बशी कठड्यावर ठेवली. चहा सांडला. ह्या माणसाच्या हातून मी काही सांडताना पाहिलं नव्हतं.

"मधल्या दोघांवर?"

"हो."

"पट्टी?"

"हो."

"अरे देवा," ते अगदी हळू म्हणाले. मग बराच वेळ खाली दंतवैद्याच्या दारातल्या चपला बघत राहिले. "कुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"हं." त्यांनी बशी उचलली, तिच्यात चहा उरला नव्हता, तरी प्यायले. "मग बोंबलतेस कशाला? मी काय, जाणारच आहे. गावाला सुपारी आहे, नारळ आहेत. बायको म्हणते, येऊन निदान माकडं तरी हाकला. तू ते नाव पूस, सर सांगतायत तसे डमी काढ आणि दे पाठवून. गप्प बस."

"आणि मग काटा येईल ना ठिकाणावर!"

"डमी नसताना? अगदी शून्य नाही यायचा."

"चाळीसचे पाच होतील. रमणीकभाई पेढे वाटतील. आणि सर काय म्हणतील?"

काकांना लगेच कळलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. नोकरी गेली तेव्हा नव्हता उतरला.

"म्हणेल," ते म्हणाले, "लिंबू-मिरची काढली आणि रोगी उठून बसला."

"जन्मभर म्हणतील. नव्या पोरांना शिकवतील. आणि उदाहरण म्हणून तुमचं नाव सांगतील."

"माझं नको," काका म्हणाले. मग जरा थांबून, "तू सांगितलंस तर तो तुला हाकलेल, वैजू."

"माहितेय."

"घरी पैसे पाठवतेस ना?"

"पाठवते."

"मग नीट विचार कर. मी काही सांगत नाही." आणि त्यांनी खरंच पुढे काही सांगितलं नाही. ते जागेवर गेले आणि लाल पेन्सिली एका रबरबँडमध्ये बांधू लागले.

पाच वाजता रमणीकभाई आले. सुस्त नव्हते. मी पडद्यावर ब्लॉक लावला. दोन्ही डमी जागच्या जागी होते.

"हे अजून का आहेत?" सरांनी विचारलं.

"सर, त्यांच्यामुळे काही झालेलं नाही. हे बघा." मी वरचा थर चालू केला.

भिंतीवर पाच फूट लांब वैजू उमटली.

मघाशी ह्याच खोलीत खालच्या ड्रिलचा आवाज होता. आता तोही नव्हता. मी सगळं सांगितलं. उन्हातले दोन, पत्र्याखालचे दोन. माझा आवाज मला फार मोठा वाटत होता.

रमणीकभाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग माझ्याकडे. आणि ते हसायला लागले. टेबल हलत होतं, त्यामुळे काट्यावरचे आकडेही पळू लागले.

"म्हणजे हे चाळीस ग्रॅम..."

"माझं नाव आहे."

"अगं पोरी! आईबापांनी सांगितलं असेल, नाव काढ, नाव काढ. आता काढ बाई खरंच!"

"रमणीकभाई, हा विनोद नाही," निरंजन सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ह्याला बेशिस्त म्हणतात. वैजयंती, फर्मान आठवतंय?"

"हो सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

"हो सर. पण डमी राहू द्या."

"ते मी ठरवेन."

"ते मी ठरवीन," रमणीकभाई म्हणाले. हसू पुसलं गेलं होतं. "काटा माझा आहे. टोकाला दोघं बसलेत ते मला पसंत आहेत. आमच्या पंगतीत आम्ही टोकाला जावयाला बसवत नाही, साहेब. आणि ह्या गुरवांना ठेवा. ज्यानं भांडून ठेवलेत तोच पुढचं करू दे."

सर काकांकडे वळले. त्यांना कुठं तरी जिंकायचं होतं.

"तपासणी तुमची होती, गुरव. अर्ध्या मायक्रॉनची फट तुम्हाला दिसते. हे एवढं नाव कसं दिसलं नाही?"

काका पेन्सिलींच्या जुडीकडे बघत होते.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "वय झालं."

एवढंच. मी दाराशी उभी होते. ते माझ्याकडे बघतील असं वाटलं. नाही बघितलं. निदान खाली चपलांपर्यंत तरी येतील असं वाटलं. आले नाहीत. मी एकटीच जिना उतरले, आणि दंतवैद्याच्या रिसेप्शनिस्टनं विचारलं, "दुखतंय का?"

दुसरी चिप नोव्हेंबरात आली. डमींसकट, नावाशिवाय. काटा शून्यावर उभा राहिला, दुपारीसुद्धा. हे मला बाहेरून कळलं. मी तेव्हा बंगळूरला होते, दुप्पट पगारावर, तिप्पट चिडलेली. काका तिथंच राहिले, पुढे सहा वर्षं. मी त्यांना एकदाही फोन केला नाही. माझ्या मनात त्यांची एक छोटी, पक्की जागा होती: ज्याच्यासाठी मी नोकरी घालवली आणि ज्यानं मान वर केली नाही, तो माणूस. आज माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. दर नव्या माणसाला मी पंगतीची गोष्ट सांगते. पूर्वी गुरवकाकांचं नाव घेत नसे.

२०१३ मध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका कुरियरनं आली. सोबत चिठ्ठी नव्हती. पत्रिका वाकू नये म्हणून जुन्या मोठ्या कागदात गुंडाळली होती, आणि काका कागद वाया घालवत नाहीत हे माहीत असल्यानं मी तो फेकायच्या आधी जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवावी लागली. अ ब ब अ. दोन्ही टोकांना डमी. उंदरांनी कुठंही दात लावला नव्हता.

१२ मार्च २००७ ला, चिप पाठवायच्या चार दिवस आधी, गुरवकाकांनी माझ्या नावाभोवती लाल पेन्सिलीनं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं: असू दे.